चांदीचा डाग अंगावर का उमटतो?

उन्हाळ्यात दिवसभर घाम आल्यानंतर गळ्यातील चांदीची साखळी काढली, तर मानेवर राखी-काळी रेघ उठलेली दिसते. अंगठीखाली बोटावर काळसर, कधी हिरवट पट्टा उमटतो. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "चांदी अंगातली उष्णता ओढून घेते." शेजारी म्हणतात, "सोनाराने फसवले, चांदी खोटी आहे." आणि ज्याच्या अंगावर डाग पडतो त्याला वाटते, आपल्या प्रकृतीत तर काही बिघाड नाही ना? विद्यार्थी मित्रहो, ही तिन्ही म्हणणी आपण तपासून पाहू.

चांदीची ओढ गंधकाकडे

लोखंड गंजते ते हवेतील ऑक्सिजन आणि पाणी यांच्यामुळे. चांदीचे तसे नाही. नेहमीच्या तापमानाला एकट्या ऑक्सिजनचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. तिची खरी ओढ गंधकाकडे आहे. हवेत हायड्रोजन सल्फाइड हा वायू अत्यल्प प्रमाणात असतो. सडक्या अंड्यांना येणारा वास याच वायूचा. दमट हवेत हा वायू, ऑक्सिजन आणि चांदी यांची विक्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइड व पाणी तयार होते. हे सिल्व्हर सल्फाइड काळे असते.

मात्र चांदी एकदम काळी पडत नाही. ती आधी पिवळसर, मग तपकिरी, निळसर आणि शेवटी काळी होते. सुरुवातीचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. ओल्या रस्त्यावरील तेलाच्या तवंगात प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे रंग दिसतात. चांदीवरील या बदलत्या रंगछटांतही व्यतिकरणाचा वाटा असतो.

आता 'उष्णते'चे पाहा. देवघरातील चांदीचे निरांजन कोणाच्याही अंगावर नसते, तरीही ते काळे पडते. म्हणजे काळेपणाला शरीराची गरज नाही, गंधकाची आहे. शरीरावर घामाचा ओलावा मिळतो, त्वचेला गंधकयुक्त साबण वा मलम लावलेले असू शकते, म्हणून तेथे हे काम लवकर होते, इतकेच. दागिना काळा पडला यावरून रोगाचे निदान करता येत नाही.

डाग पडण्याच्या तीन वाटा

पहिली वाट आपण पाहिलीच. दागिन्यावरील सल्फाइडचा थर घामाने ओल्या झालेल्या त्वचेवर घासला जातो आणि काळी रेघ उमटते.

दुसरी वाट तांब्याची. शुद्ध चांदी फार मऊ असते. तिची अंगठी सहज वाकते, म्हणून तिच्यात बहुधा तांबे मिसळतात. दागिन्यावर ९२५ हा अंक असेल, तर त्याचा अर्थ १००० भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले ७५ भाग दुसरा धातू, बहुधा तांबे. घामात मीठ आणि लॅक्टिक आम्ल असते. त्यांच्याशी तांब्याची विक्रिया होऊन क्षार बनतात आणि त्वचेवर हिरवट डाग पडतो. चांदी अस्सल असूनही असे होऊ शकते. तेव्हा केवळ डागावरून सोनाराला दोष देणे बरोबर नाही. शंका आल्यास हॉलमार्क पाहावा किंवा कस तपासून घ्यावा.

तिसरी वाट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती आहे घर्षणाची. चेहऱ्याला लावायच्या पावडरीत झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड यांसारखे पदार्थ असू शकतात. त्यांचे कण चांदीपेक्षा कठीण असतात. दागिना त्यांच्यावर घासला की चांदीचे अतिसूक्ष्म कण निघून त्वचेवर बसतात. चकचकीत चांदीचे कण काळे का दिसावेत? गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो. बारीक, खडबडीत कणांच्या गर्दीत मात्र तो पुनःपुन्हा आपटतो आणि बराचसा शोषला जातो.

हे तुम्ही स्वतः पाहू शकता. एका जाड कागदाच्या अर्ध्या भागावर पांढरा पोस्टर रंग लावून वाळू द्या. मग चांदीच्या जुन्या तारेने दोन्ही भागांवर रेघा ओढा. कोऱ्या कागदावर रेघ जेमतेम दिसेल, रंगाच्या भागावर ती स्पष्ट राखी उमटेल. युरोपातील चित्रकार एके काळी अशीच चित्रे काढीत. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १४८४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, चांदीच्या टोकाने स्वतःचे चित्र काढले. ते आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. पावडर लावलेली मान म्हणजे असाच रंग दिलेला कागद!

काळजी केव्हा करावी?

साबणाने धुतल्यावर जाणारा डाग निरुपद्रवी असतो. खाज सुटली, पुरळ उठले, तर गोष्ट निराळी. काही मिश्रधातूंत निकेल असते आणि पुष्कळांच्या त्वचेला ते सोसत नाही. 'जर्मन सिल्व्हर' या नावात चांदी असली, तरी त्या धातूत चांदी मुळीच नसते. तो तांबे, जस्त व निकेल यांचा मिश्रधातू आहे. त्रास झाल्यास दागिना काढून डॉक्टरांना दाखवावे. चांदीयुक्त औषधे दीर्घकाळ पोटात गेल्यास मात्र त्वचा कायमची निळसर-राखी होऊ शकते. साखळीच्या डागाशी त्याची गल्लत करू नये.

उपाय सोपे आहेत

पावडर, मलम किंवा अत्तर आधी लावावे, ते सुकल्यावर दागिना घालावा. खेळताना व आंघोळीच्या वेळी तो काढून ठेवावा. रोज रात्री मऊ, कोरड्या सुती कापडाने पुसावा. ठेवताना हवाबंद डबीत खडूच्या तुकड्यासह ठेवावा, खडू ओलावा शोषून घेतो. लोकरीचे कापड किंवा रबर जवळ नसावे, कारण दोन्हींत गंधक असतो. ऱ्होडियमचा मुलामा दिलेला दागिना सहसा डागत नाही, पण मुलामा झिजला की डाग पुन्हा पडू लागतो.

काळा थर म्हणजे मळ नव्हे

रांगोळीने किंवा दंतमंजनाने चांदी घासण्याची पद्धत घरोघरी आहे. आता एक हिशेब करा. चांदीचा अणुभार सुमारे १०८, गंधकाचा ३२. सिल्व्हर सल्फाइडच्या एका रेणुसूत्रात चांदीचे दोन अणू व गंधकाचा एक, म्हणजे २४८ भागांत २१६ भाग चांदी. टक्केवारी काढली तर ८७! आपण 'मळ' म्हणून घासून टाकतो त्यात बहुतांश चांदीच असते. शिवाय रांगोळीचे कण थराखालची चांदीही ओरबाडतात. आजीच्या पैंजणांवरील नक्षी पुसट होते ती बरीचशी यामुळेच.

ही चांदी परत मिळवता येते. काचेच्या भांड्यात पोळ्या गुंडाळण्याचा अ‍ॅल्युमिनियमचा कागद अंथरा. त्यावर टेकेल असा दागिना ठेवा. एक लिटर कढत पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा व थोडे मीठ विरघळवून ते मोठ्यांच्या मदतीने ओता. काही मिनिटांत काळेपणा उतरू लागेल आणि सडक्या अंड्यांचा सौम्य वास येईल. हा एक छोटा विद्युतघटच आहे. अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन देते, सल्फाइडमधील चांदी ते घेऊन पुन्हा धातुरूप होते आणि गंधक सुटून पाण्यात जातो. नंतर दागिना स्वच्छ पाण्याने धुऊन पुसावा. मोती, खडे किंवा लाख भरलेले दागिने यात घालू नयेत. 'ऑक्सिडाइज्ड' दागिनेही नकोत. त्यांच्यातील चांदीवरचा काळेपणा मुद्दाम दिलेला असतो आणि नाव काहीही असले, तरी तो बहुधा सल्फाइडचाच असतो.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. शेजारी दुसऱ्या भांड्यात तेच पाणी घ्यावे, पण अ‍ॅल्युमिनियम घालू नये. दोन्ही भांड्यांत काळे पडलेले सारखे तुकडे ठेवून दहा मिनिटांनी काय फरक पडला आणि तो का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे.