गाऱ्यावरचा सिमुर्ग

तोंड कुत्र्याचं, पंजे सिंहाचे, पाठीवर पंख आणि मागे मोराचा पिसारा. खानदेशातल्या भडगावच्या बाजारात हे चित्र दाखवलं तर पहिला प्रश्न येईल, ‘हाई काय जनावर शे?’ कॉकेशसच्या उत्तरेला मोश्चेवाया बाल्का इथल्या दफनभूमीत आठव्या-नवव्या शतकातला एक हिरवा रेशमी अंगरखा सापडला. तो आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे आणि त्यावर हेच जनावर ओळीनं विणलेलं आहे. इराणात ताक-ए-बोस्तानच्या कातळात कोरलेल्या सासानी राजाच्या झग्यावरही तेच दिसतं. १९३८ साली कामिला त्रेव्हर या रशियन विदुषीनं हाच तो इराणी गोष्टींतला सिमुर्ग पक्षी असं मांडलं आणि नाव चिकटलं. काही अभ्यासक मात्र त्याला राजतेजाचं चिन्ह मानतात.

गोष्टीतला सिमुर्ग राजाचा कमी, लेकरांचा जास्त. फारसी कवी फिर्दौसीचा ‘शाहनामा’ १०१० साली पुरा झाला. त्यात साम नावाचा सरदार जन्मतःच पांढऱ्या केसांचा मुलगा झाल याला अपशकुनी समजून डोंगरात टाकून देतो. सिमुर्ग त्याला आपल्या घरट्यात वाढवतो आणि निरोप देताना पीस देतो. अडचण आली की जाळ, मी येईन. पुढे झालची बायको रुदाबा बाळंतपणात अडते, तेव्हा पीस जळतं आणि सिमुर्ग येऊन कूस चिरायला सांगतो. त्यातून जन्मतो तो रुस्तम. आपल्याकडच्या प्रत्येक रुस्तमजीच्या नावामागे ही सुईण उभी आहे.

मंगोल स्वाऱ्यांनंतर इराणी चित्रकारांच्या हाती चिनी नमुने आले आणि सिमुर्गानं कूस बदलली. कुत्र्याचं तोंड गेलं, लांब झुलत्या शेपटीचा चिनी पक्षी आला. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पारशी घरांत चीनहून भरतकामाच्या रेशमी साड्या येऊ लागल्या, त्यांवरही तोच चिनी पक्षी होता. पारशी बायांनी त्यात आपला सिमुर्ग ओळखला. ही साडी म्हणजे गारा.

गारा जवळून बघावा. जांभळ्या, काळ्या किंवा गर्द लाल रेशमावर फिक्या धाग्याचं भरत. पाकळीचा रंग टोकाकडून देठाकडे उतरत जातो. काही ठिकाणी गुळगुळीत टाका सोडून बारीक गाठीच गाठी मारलेल्या असतात. तो ‘खाखो’. त्यानं डोळे जातात असं म्हणत, आणि काम पाहिल्यावर ते खोटं वाटत नाही. नक्षीची नावं मात्र थेट स्वयंपाकघर-अंगणातली: ठिपक्यांना ‘कांदा-पापेटा’, कोंबडा-कोंबडीला ‘मरघा-मरघी’, कोळ्यासारख्या फुलाला ‘करोळिया’.

हे रेशीम आलं कशाच्या मोबदल्यात? मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन कँटनला जात. जमशेटजी जिजीभाई (१७८३-१८५९) त्यांतले सर्वांत मोठे. गाऱ्याचं कौतुक चालू असताना अफूचं नाव कुणी काढत नाही, हे खटकतं. आपल्या खानदेशाचा इराणशी व्यवहार या चीन-व्यापाराहून जुना. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये यानं बऱ्हाणपूरचं पातळ कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं असं नोंदवलं. तेव्हा बऱ्हाणपूर खानदेशाची राजधानी. १८६०च्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवीनं कापसाचे भाव चढले आणि खानदेशातल्या गिरणा नदीकाठचा कापूसही मुंबईच्या बाजाराशी पक्का जोडला गेला. खानदेशी घरात मात्र गारा आला नाही. शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळला तरी साडी नऊवारीच राहिली.

मुंबईत ह्यूजेस रोडवरच्या खरेघाट कॉलनीत पारशी समाजाचं अल्पाईवाला संग्रहालय आहे. तिथं जुने गारे जपून ठेवलेले आहेत. पाचोऱ्याहून मुंबईची गाडी धराल तेव्हा अर्धा दिवस त्यासाठी राखून ठेवा, आणि खाखोच्या गाठी बघायला भिंग न्यायला विसरू नका.