सांडपाण्याच्या मापाने परसबाग

जाफराबाद तालुक्यात परसबाग लावणे कठीण नाही. ती मृगापर्यंत टिकवणे कठीण आहे. खेड्यातील पुष्कळ घरांच्या मागे किंवा बाजूला अर्धा गुंठा जागा सहज निघते. पावसाळ्यात तेथे दोडका, भेंडी, मिरची लावली जाते. दिवाळीपर्यंत बाग हिरवी असते, संक्रांतीनंतर ती कोमेजू लागते आणि होळीच्या सुमारास तेथे वाळलेले वेल तेवढे उरतात. त्यानंतरचे तीन महिने भाजी आठवडी बाजारातून आणावी लागते, आणि नेमक्या याच दिवसांत ती महाग असते. हाती पैसा कमी असलेल्या घरात मग ताटातून भाजीच नाहीशी होते. भाकरी, ठेचा व पातळ वरण यांवर दिवस काढले जातात. याचा पहिला परिणाम गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता व वाढती मुले यांच्यावर होतो, कारण लोह व 'अ' जीवनसत्त्व यांची गरज त्यांनाच अधिक असते.

केळना व पूर्णा या नद्यांच्या संगमावर जाफराबाद वसलेले असले, तरी उन्हाळ्यात नद्यांच्या पाण्यावर विसंबता येत नाही. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. १९७२ आणि २०१२-१३ या वर्षींच्या दुष्काळांत जालना जिल्ह्याने पिण्याच्या पाण्याचेही हाल सोसले आहेत. अशा भागात परसबागेसाठी विहिरीचे किंवा नळाचे वेगळे पाणी मागणे व्यवहार्य नाही. परंतु प्रत्येक घरातून रोज काही पाणी बाहेर जाते व बहुधा रस्त्यावर किंवा डबक्यात वाया जाते. परसबागेची आखणी या सांडपाण्याच्या मापाने केली, तर ती बाग बाराही महिने काही ना काही देत राहते.

पाण्याचा हिशेब

जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविण्यात आले आहे. त्याप्रमाणे पाच माणसांच्या कुटुंबास २७५ लिटर पाणी मिळते. यातील शौचालयाचे पाणी बागेस वापरावयाचे नाही. कपडे धुण्याचे सोडायुक्त पाणीही वगळावे, कारण त्यातील क्षारांमुळे काळी जमीन घट्ट व चोपण बनते. स्नानाचे, भांडी विसळण्याचे व भाज्या-धान्य धुण्याचे मिळून सुमारे १०० लिटर पाणी अशा घरी हाती लागू शकते. नेमका आकडा प्रत्येक घराने स्वतः काढावा. तीन दिवस हे पाणी बादलीत धरून बादल्या मोजल्या, की सरासरी कळते.

आता गरज पाहू. एक चौरस मीटर जागेस एक मिलिमीटर पाणी द्यावयाचे, तर एक लिटर पाणी लागते. स्थूलमानाने हिवाळ्यात एक चौरस मीटर भाजीस रोज ४ लिटर व एप्रिल-मे महिन्यांत ८ लिटर पाणी लागते असे धरावे. म्हणजे १०० लिटर पाण्यावर हिवाळ्यात २५ चौरस मीटर, तर भर उन्हाळ्यात केवळ १२ चौरस मीटर बाग जगते. टंचाईच्या काळात पाणीपुरवठा कमी होऊन जेमतेम ५० लिटर सांडपाणी उरले, तर हे क्षेत्र ६ चौरस मीटरवर येते.

या हिशेबाचा अर्थ सरळ आहे. अर्धा गुंठा, म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर, जागा पावसाळ्यात पूर्ण लावावी, हिवाळ्यात निम्मी ठेवावी आणि उन्हाळ्यात चौथाईवर आणावी. सर्व बाग वाचविण्याच्या नादात थोडे थोडे पाणी सर्वत्र शिंपडले, तर कोणतेच झाड नीट जगत नाही.

सांडपाणी वापरण्याची रीत

न्हाणीचे पाणी थेट वाफ्यात सोडू नये. मोरीच्या तोंडाशी दोन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल खड्डा घ्यावा. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर खडी व सर्वांत वर जाड वाळू असे थर द्यावेत. तळाजवळून पाइप काढून गाळलेले पाणी पुढच्या टाकीत किंवा झाकलेल्या पिंपात घ्यावे. खड्ड्याला वरून जाळी असावी व वरची वाळू महिन्या-दोन महिन्यांनी धुऊन घ्यावी. गाळलेले पाणी एका दिवसाहून अधिक साठवू नये. त्यास दुर्गंधी येते व डास होतात.

हे पाणी फळझाडे, वेल, वांगी, मिरची व भेंडी यांच्या बुडाशी आळ्यात द्यावे. पाने व फळे यांवर ते पडू देऊ नये. कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर, मुळा, काकडी आणि सर्व पालेभाज्या यांना मात्र तांदूळ-डाळ धुतलेले किंवा माठातील शिळे स्वच्छ पाणीच द्यावे. या कारणास्तव पालेभाज्यांचे वाफे स्वयंपाकघराच्या दाराजवळ व फळभाज्या न्हाणीच्या बाजूस असणे सोयीचे पडते.

पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. झाडांच्या बुडाशी सोयाबीनचा भुसा, तुरीचा पाला किंवा वाळलेले गवत यांचे दोन-तीन इंच जाडीचे आच्छादन केल्याने जमिनीतील ओल टिकते. दुधी, कारले यांसारख्या वेलांजवळ न भाजलेल्या रंगाचे नव्हे, तर साधे सच्छिद्र मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, ते स्वच्छ पाण्याने भरून वर झाकणी ठेवावी. मडक्यातून पाझरणारे पाणी सरळ मुळांना मिळते व बाष्पीभवनाने वाया जात नाही.

जमीन व खत

बागेस दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन मिळावयास हवे. जागा काळ्या मातीची असल्यास पावसाळ्यात पाणी तुंबू नये म्हणून गादीवाफे करावेत. हिवाळ्यात व उन्हाळ्यात उलट सपाट किंवा किंचित खोलगट वाफे हितावह ठरतात. मुरमाड जागेत एक फूट खोल माती काढून ती शेणखताशी मिसळून पुन्हा भरावी. लागवडीपूर्वी दर चौरस मीटरास ३ ते ४ किलो चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट द्यावे. कच्चे शेण घातल्यास हुमणी व वाळवी यांचा उपद्रव वाढतो. घरातील भाज्यांची देठे, पालापाचोळा, राख व शेण यांचे थर एका खड्ड्यात रचून ते ओलसर ठेवल्यास तीन-चार महिन्यांत खत तयार होते. खताने माती भुसभुशीत झाली, की ती पाणीही अधिक काळ धरून ठेवते.

ऋतुवार लागवड

पावसाळी हंगामात जून-जुलैमध्ये भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारले, दुधी, लाल भोपळा व अंबाडी लावावी. वेल कुंपणावर किंवा मांडवावर चढवावेत, म्हणजे जमीन मोकळी राहते. वांगी, मिरची व टोमॅटो यांची रोपे आधी लहान वाफ्यात तयार करून पाच-सहा आठवड्यांची झाल्यावर लावावीत. पाच माणसांच्या घरास वांग्याची सहा व मिरचीची दहा झाडे पुरेशी होतात.

हिवाळी हंगामात ऑक्टोबरपासून मेथी, पालक, शेपू, चुका, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाल व टोमॅटो घ्यावेत. पालेभाजीचे सर्व बी एकाच दिवशी पेरू नये. एका वाफ्याचे तीन भाग करून दर १५ दिवसांनी एक भाग पेरला, तर भाजी एकदम जून होऊन वाया जात नाही.

फेब्रुवारीत उन्हाळ्याची तयारी करावी. पाण्याच्या हिशेबात बसेल तेवढ्याच जागेत गवार, भेंडी, चवळी व तांदुळजा पेरावा. तांदुळजा उष्णता चांगली सोसतो व महिन्याभरात काढणीस येतो. उन्हाळी वाफे शक्यतो शेवग्याच्या किंवा मांडवाच्या विरळ सावलीत घ्यावेत.

कायमची झाडे मात्र बागेचा आधार होत. शेवग्याची दोन, कढीपत्त्याचे एक व कागदी लिंबाचे एक झाड प्रत्येक परसात असावे. शेवगा एकदा रुजला, की थोड्या पाण्यावर तग धरतो. वाफे आटतात त्या दिवसांत त्याच्या शेंगा व कोवळा पालाच घरास भाजी पुरवितो. मोरीजवळ केळ लावण्याची जुनी रीत आहे, परंतु केळ पाणी फार घेते. सांडपाणी भरपूर असेल तरच ती ठेवावी.

बियाणे

जालना हे बियाणे उद्योगाचे मोठे केंद्र आहे, आणि या उद्योगाची सुरुवात भेंडीशी जोडलेली आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या 'पुसा सावनी' या भेंडीच्या बियाण्यापासून जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनी या कामास आरंभ केला. १९६४ साली त्यांनी महिको कंपनी स्थापन केली व १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने केवडा रोगास दाद न देणारी 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात दिली.

परसबागेसाठी अशा सुधारित सरळ जाती निवडाव्यात. त्यांचे बी घरी राखता येते. संकरित जातीचे बी राखून पुन्हा पेरल्यास झाडे एकसारखी येत नाहीत. मेथी, गवार, चवळी, वाल यांचे बी राखणे सोपे असते, कारण त्यांत परपरागीभवन अल्प होते. भोपळावर्गीय वेलांत ते सहज होते; म्हणून शेजारी दुसरी जात असेल, तर त्यांचे बी धरू नये. निरोगी झाडावरील चांगली शेंग खूण करून वाळू द्यावी, बी सावलीत पूर्ण सुकवावे आणि राख मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

कीड व औषधे

कपाशीवर फवारून उरलेले कीटकनाशक परसबागेत कदापि वापरू नये. ते औषध भाजीसाठी नसते व त्याचा अंश थेट पोटात जातो. तणनाशकाचा पंपही येथे आणू नये. मावा, तुडतुडे व लहान अळ्या यांसाठी निंबोळीचा पाच टक्के अर्क उपयुक्त आहे. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून एक लिटर द्रावण करावे आणि संध्याकाळच्या वेळी फवारावे. किडलेली फळे व शेंडे रोज खुडून नष्ट केल्यास लहान बागेत बराचसा उपद्रव आटोक्यात राहतो.

काढणी

भाजी सकाळच्या थंड वेळी काढावी. मेथी महिन्याभरात काढणीस येते. पालक मुळासकट न उपटता जमिनीपासून दोन इंचांवर कापावा, म्हणजे पुन्हा दोन-तीन वेळा फुटतो. भेंडी पेरणीपासून सुमारे दीड महिन्याने सुरू होते व ती दिवसाआड तोडावी लागते. जून फळे झाडावर राहिली, तर नवी फळे धरणे मंदावते. दुधी, दोडका किंवा काकडी चवीस कडू लागल्यास ती टाकून द्यावी. अशा कडू फळाने विषबाधा होऊ शकते.

भाजीचा उपयोग

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या दैनंदिन आहारासाठी ४०० ग्रॅम भाज्यांचे प्रमाण सुचविले आहे. पाच माणसांच्या घरास रोज सुमारे दोन किलो भाजी लागेल. अर्ध्या गुंठ्यातून एवढी भाजी वर्षभर निघणार नाही. सबब बटाटा, कांदा यांसारख्या टिकाऊ वस्तू विकत घ्याव्यात, आणि लवकर सुकणारी व पोषक हिरवी भाजी परसातून मिळवावी.

पालेभाजी आधी धुवावी व मग चिरावी. शिजविताना पाणी बेताचे घालावे व ते फेकू नये. लोखंडी कढईचा वापर करावा. भाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह अंगी अधिक लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास कमी लागते. गडद हिरव्या व पिवळ्या भाज्यांतील 'अ' जीवनसत्त्वाचा उपयोग होण्यास थोडे तेल आवश्यक असते. शेवग्याचा कोवळा पाला वरणात किंवा थालीपिठात घातल्यास मुलेही तो आवडीने खातात.

जानेवारी-फेब्रुवारीत भाजी अधिक निघते. त्या वेळी गवारीच्या शेंगा दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात टाकून मग उन्हात कडक वाळवाव्यात. कारले व वांगी यांच्या काचऱ्या कराव्यात. मेथी मात्र सावलीत वाळवावी, म्हणजे तिचे गुण अधिक टिकतात. पिकलेला लाल भोपळा देठासह काढून हवेशीर जागी ठेवल्यास काही महिने टिकतो. हा साठा व शेवगा मिळून मे महिन्याची उणीव पुष्कळशी भरून निघते.

घरातील बादल्या मोजून त्या मापाने वाफे आखणे हे खर्चाचे काम नाही. हा हिशेब माघ महिन्यातच केला, तर उन्हाळ्यात कोणते वाफे ठेवावयाचे व कोणते मोडावयाचे हे आधी ठरते, आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत घरच्या ताटात थोडी का होईना, हिरवी भाजी राहते.