गा-गो-दे : तीन टाळ्या

विनोबांच्या जन्मगावाचं नाव टाळ्या वाजवत म्हणा: गा-गो-दे. तीन टाळ्या. पाच वर्षांच्या मुलाला बऱ्याच सरावानंतरही शब्दाचे असे तुकडे पाडता येत नसतील, बडबडगीतातलं यमक कळत नसेल, तर अंगणवाडीताईंनी वहीत नोंद ठेवावी. हे अध्ययन अक्षमतेचं निदान नव्हे, नुसती चाहूल.

पहिली-दुसरीत खुणा ठळक होतात: ‘घर’चं ‘धर’, ‘भ’चा ‘म’. पहिली वेलांटी तर भल्याभल्यांना चकवते. ‘कि’मध्ये ती लिहायची आधी, उच्चारायची नंतर! अशा चुका सगळीच मुलं करतात. शिकवूनही त्या हटत नसतील तर लक्ष द्यायचं. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. शिवाय गागोदे ज्या पेण तालुक्यात आहे, तिथे घरी कातकरी किंवा आगरी बोलणारं मूल पुस्तकी मराठीत अडखळलं, तर ती अक्षमता नव्हे. गल्लत होते ती इथेच.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, पण प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून पुढेच मिळतं. तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. वाळूत अक्षरं गिरवणं, टाळ्यांचे खेळ आजही सुरू करता येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणं अपेक्षित असतं. ताईंची ती वही पथकापुढे ठेवावी.