जॉय डिव्हिजन : मृत्यूच्या अलीकडचं संगीत

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका वाचकमंडळात मी जॉय डिव्हिजन या इंग्रज बँडवर बोललो होतो. त्यांचा गायक इयन कर्टिस याने वयाच्या तेविसाव्या वर्षी आत्महत्या केली. स्वतःचा अंत आधीच गाऊन ठेवणारा कवी, अशी त्याची मांडणी मी केली. टाळ्याही मिळाल्या. नंतर चहाच्या वेळी एका बाईंनी विचारलं, ‘‘त्याला फिट्स येत होत्या म्हणालात. मग औषध कोणतं चालू होतं?’’ त्यांच्या घरात अपस्माराचा रुग्ण होता. मला उत्तर देता आलं नाही, कारण तो प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. त्या दिवशीची मांडणी मी इथे मागे घेतो आहे.

सुरुवात ४ जून १९७६ पासून करू. मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम झाला. श्रोते मोजकेच होते. त्यांत सॅल्फर्डचे दोन शाळासोबती होते, बर्नार्ड समनर आणि पीटर हुक. धड वाजवता न येणारी माणसंही मंचावर उभी राहू शकतात हे त्यांनी पाहिलं आणि हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत आणली. पुढे कर्टिस आणि ड्रमवादक स्टीफन मॉरिस येऊन मिळाले. पंकची सगळी भिस्त वेगावर आणि रागावर. तो राग बाहेर न फेकता आत वळवला, वेग आवरला आणि मधल्या जागा मोकळ्या सोडल्या की जे उरतं, त्याला ढोबळमानाने पोस्ट-पंक म्हणता येईल.

या मोकळ्या जागा काही सिद्धान्तातून आल्या नाहीत, अडचणीतून आल्या. बेस गिटारचं नेमून दिलेलं काम म्हणजे खालचे स्वर धरून ठेवणं. पण समनरची गिटार इतकी दणदणीत वाजायची, की हुकला आपला खालचा स्वर ऐकूच येईना. म्हणून तो वरच्या स्वरांत वाजवू लागला. कर्टिसला ते आवडलं, त्याने ते तसंच ठेवायला लावलं. झालं असं, की चाल बेसकडे गेली आणि गिटार मागे राहून ओरखडे काढू लागली. पुढच्या चार दशकांत कितीतरी बँडनी ही उलटापालट उचलली. त्यांतल्या किती जणांना तिचं मूळ एका केविलवाण्या आवाजात आहे हे ठाऊक असेल, कोण जाणे.

एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ‘अननोन प्लेझर्स’चं ध्वनिमुद्रण झालं. निर्माता मार्टिन हॅनेट हा विक्षिप्त माणूस. एका ड्रमचा आवाज दुसऱ्यात मिसळू नये म्हणून त्याने मॉरिसला एकेक ड्रम वेगळा वाजवायला लावला. ठोक्यांमागे डिजिटल यंत्राने प्रतिध्वनी जोडले, स्टुडिओतल्या लिफ्टचा खडखडाटही टिपला. रिकाम्या गोदामात कुणीतरी दूरवर काम करतं आहे, असा भास या तबकडीत सतत होतो. गंमत म्हणजे हुक आणि समनर यांना ती मुळीच आवडली नाही. मंचावरचा आपला जोर हॅनेटने काढून घेतला, अशी त्यांची तक्रार होती. मला विचाराल तर तक्रार खरी होती, आणि हॅनेटही बरोबर होता.

मुखपृष्ठ आता टी-शर्टांवर जगभर दिसतं. काळ्यावर पांढऱ्या, डोंगररांगांसारख्या रेषा. जॉसलिन बेल यांना १९६७ मध्ये सापडलेल्या पहिल्या पल्सारचे हे लागोपाठचे ८० स्पंद आहेत. हॅरल्ड क्राफ्ट यांच्या १९७० च्या प्रबंधात ही आकृती होती, तिथून ती एका खगोलकोशात गेली आणि तिथून बँडच्या हाती लागली. पीटर सॅव्हिलने रंग उलटे केले. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना तबकडीचं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या दुर्बिणी असेच स्पंद टिपतात. ठोका ठरल्या वेळी पडतो, आकार मात्र दर वेळी निराळा. मॉरिसचं वादन ऐकताना मला हे आठवतं.

बँडच्या नावाबद्दल मात्र सारवासारव करू नये. नाझी छावणीत स्त्रियांना सैनिकांसाठी डांबून ठेवलेल्या विभागाचं हे नाव एका कादंबरीतून उचललेलं होतं. ते फॅसिस्ट होते असं मी म्हणत नाही. पण बेजबाबदार नक्कीच होते.

आता कर्टिस. तो मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात अपंगांना काम मिळवून देण्याचं काम करायचा. तिथे येणाऱ्या एका तरुणीला अपस्मार होता, पुढे ती वारली. ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ हे गाणं तिच्यावरून सुचलं. त्यानंतर, १९७९ च्या सुरुवातीला, त्याच रोगाचं निदान त्याचं स्वतःचं झालं. जागरणं, प्रवास, डोळ्यांवर झगमगते दिवे, सगळं रुग्णाला वर्ज्य आणि सगळंच धंद्याचा भाग. मंचावरचं त्याचं झटके देत नाचणं आणि खरी आकडी यांतला फरक प्रेक्षकांना कळेनासा झाला, लोक टाळ्या वाजवत राहिले. औषधांत फिनोबार्बिटोन होतं. मन खचवू शकणारं औषध म्हणून ते आज ओळखलं जातं. बाईंना हे सांगायला हवं होतं. मोडत चाललेला संसार होता, लहान मुलगी होती. एप्रिल १९८० मध्ये त्याने एकदा जीव देण्याचा प्रयत्न केला, तरी दुसऱ्याच दिवशी बरी इथला कार्यक्रम रद्द झाला नाही. १८ मे रोजी, अमेरिका दौऱ्याच्या आदल्या दिवशी, तो गेला.

जुलैत ‘क्लोजर’ निघाली, तिच्या मुखपृष्ठावर जेनोआच्या दफनभूमीतलं शिल्प. ते आधीच निवडलेलं होतं, पण लोकांना संकेत दिसला. तेव्हापासून प्रत्येक ओळ त्या तारखेकडून मागे वाचली जाते. शब्दांकडे आमचं लक्षच नव्हतं, असं त्याचे साथीदार पुढे अनेकदा म्हणाले. मी लक्ष देऊन ऐकले, आणि तरी मला त्यात आजारी माणूस दिसला नाही, कवीच दिसला.

चौघांपैकी कुणी गेलं तर नाव सोडायचं, असं आधी ठरलं होतं. ते त्यांनी पाळलं. न्यू ऑर्डर या नावाने तिघे पुन्हा उभे राहिले. गायला कुणी तयार नव्हतं, शेवटी समनर गायला. कीबोर्डवर जिलियन गिल्बर्ट आली. १९८३ च्या ‘ब्लू मंडे’मध्ये ताल यंत्रावरचा आहे, लोक त्यावर रात्र-रात्र नाचले. त्या यंत्रांच्या गर्दीतही हुकची बेस वरच्या स्वरांतच वाजते आहे.