लेखांक ७ : रोल घ्यावा की शीट?

३५ मिलिमीटरची फिल्म मागच्या आठवड्यात झाली. त्याहून मोठे पर्याय दोन : १२० क्रमांकाचा रोल, म्हणजे मीडियम फॉरमॅट, आणि चार बाय पाच इंचांची सुटी शीट, म्हणजे लार्ज फॉरमॅट. लातूर जिल्ह्यातल्या रेणापुरात राहून निवड करायची तर मी आधी पाण्याचा हिशेब मांडेन.

२०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा जिल्ह्यात फिल्म धुवायला नळ अर्धा तास सोडून ठेवणं मला पटत नाही, आणि त्याची गरजही नाही. हायपो (फिक्सर) काढून टाकला की टँक ताज्या पाण्याने भरायचा आणि पाच वेळा उलटासुलटा करायचा. पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. ही इल्फर्ड कंपनीने सांगितलेली पद्धत. अर्ध्या लिटरचा टँक असेल तर दीड लिटरात फिल्म धुऊन होते. आता बघा, १२०चा एक रोल आणि चार बाय पाचच्या चार शीट यांचं क्षेत्रफळ जवळपास सारखंच. तेवढ्याच पाण्यात रोलवर सहा बाय सहाचे बारा फोटो मिळतात, शीटवर चारच.

धूळ आणि वारा हेही शीटच्या विरोधातच जातात. शीट अंधारात एकेक करून होल्डरमध्ये भरावी लागते आणि धुळीचा एक कण बसला तरी निगेटिव्हवर ठिपका उमटतो. शीटसाठी लागणारा भात्याचा कॅमेरा वाऱ्यात स्टँडवरही थरथरतो.

तरीही एका कामात शीटला तोड नाही. इथल्या रेणुकादेवीच्या मंदिरासमोर उभं राहून शिखर चौकटीत घ्यायला कॅमेरा वर कलवला, की शिखर मागे झुकल्यासारखं दिसतं. भात्याच्या कॅमेऱ्यात कॅमेरा सरळच ठेवून फक्त लेन्स वर सरकवता येते. उभ्या रेषा उभ्याच राहतात. शिवाय चार बाय पाचची निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या सुमारे तेरा पट मोठी असते, सहा बाय सहाची साडेतीन पटींहून थोडी जास्त. कोरीवकामाचे बारकावे टिपताना हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो.

वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी शीटचा स्पीड ग्राफिक वापरला आणि रोलचा रोलायफ्लेक्सही. एकाच माणसाला दोन्ही लागू शकतात. पण पहिला कॅमेरा घेत असाल आणि तुम्हाला माणसं, बाजार, शेतातली कामं टिपायची असतील, तर माझं मत ठामपणे रोलच्या बाजूने आहे. याशिका मॅटसारखा जुना दोन लेन्सचा कॅमेरा गळ्यात अडकवून दिवसभर फिरता येतं. जुने वाडे, बारवा, मंदिरं यांची नीट नोंद करायचं मनात असेल, तरच शीटकडे वळा.

जुना माल घेताना रोलच्या कॅमेऱ्याचा शटर एक सेकंदावर ठेवून ऐका. मध्येच अडखळला तर दुरुस्तीचा खर्च धरा. भात्याच्या कॅमेऱ्यात अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावा आणि घड्यांचे कोपरे बाहेरून तपासा. छिद्रं बहुधा तिथेच असतात.