त्या दिवशी बटाटे जास्त शिजले

पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाऊण तासात तीनदा घड्याळ पाहिलं. पडद्यावर एक बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बटाटे सोलत होती. कॅमेरा समोर ठाण मांडून बसलेला. तो जवळ जात नव्हता आणि मान वळवत नव्हता. पार्श्वसंगीताचा पत्ता नाही. सिनेमा ३ तास २१ मिनिटांचा. मध्यावर कुठेतरी मला डुलकी लागली. जाग आली तेव्हाही ती बाई स्वयंपाकघरातच काहीतरी करत होती, म्हणून वाटलं, आपलं काही हुकलेलं नाही.

हुकलं होतं. सिनेमातली सगळ्यात मोठी उलथापालथ त्या डुलकीत होऊन गेली होती.

सिनेमाचं नावच मुळी एक पत्ता आहे: ‘जान दिएलमान, २३ के द्यु कॉमर्स, १०८० ब्रुसेल’. पाकिटावर लिहावं तसं नाव, घरक्रमांक, रस्ता, पिनकोड. शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेने तो १९७५ साली केला, तेव्हा ती जेमतेम पंचविशीची होती. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना सर्वोत्तम चित्रपट विचारतं. २०१२ साली हा सिनेमा त्या यादीत छत्तिसावा होता, २०२२ साली थेट पहिला आला. बाईने केलेला सिनेमा त्या यादीच्या शिरोभागी येण्याची ती पहिलीच वेळ.

गोष्ट तीन दिवसांची. जान विधवा आहे, मुलगा शाळेत जातो. ती अंथरूण घडी करते, बूट पॉलिश करते, बाजार आणते, आणि दुपारी घरी एक गिऱ्हाईक घेते. गिऱ्हाईक यायच्या आधी बटाटे चुलीवर चढवते आणि ते गेलं की बटाटे बरोबर शिजलेले असतात. मिळालेले पैसे जेवणाच्या टेबलावरच्या चिनीमातीच्या सूपच्या भांड्यात टाकते आणि झाकण लावते. तिसऱ्या दिवशी ती गिऱ्हाइकाला कात्रीने भोसकते.

शेवट सांगून टाकला, हे मुद्दामच. हा सिनेमा शेवट कळल्यावर सुरू होतो.

दुसऱ्यांदा तो घरीच लॅपटॉपवर लावला. आई शेजारी पावटे सोलत बसली होती. तिला ना फ्रेंच येत, ना तिने सबटायटल्स वाचली. दुसऱ्या दिवशीचं गिऱ्हाईक गेलं, जानने पैसे भांड्यात टाकले, आणि आई म्हणाली, “झाकण लावायला विसरली गं ही.”

मी मागे नेऊन पाहिलं. खरंच, झाकण उघडं. पुढे रांगच लागली. केस विस्कटलेले. बटाटे जास्त शिजून वाया गेलेले. ते पातेलं हातात घेऊन जान या खोलीतून त्या खोलीत फिरते, कारण जास्त शिजलेल्या बटाट्यांचं काय करायचं हे तिच्या दिनक्रमात कुठेच लिहिलेलं नाही. “बटाट्यांचं काही नाही,” आई म्हणाली, “हिची वेळ चुकली.” तिसऱ्या दिवशी बुटांचा ब्रश हातातून निसटतो, गाउनचं एक बटण लावायचं राहतं. पहिल्या खेपेला मला यातलं काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. माझ्या आईला ते पहिल्याच फटक्यात दिसलं.

हे कसं होतं? आपल्याला वाटतं, समोरचा अख्खा पडदा आपल्याला दिसतो. प्रत्यक्षात हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढी जी जागा दिसते, साधारण तेवढंच डोळा एका वेळी स्पष्ट टिपतो. ते नखभर तो सेकंदाला तीन-चार वेळा इकडून तिकडे उडवत राहतो आणि बाकीचं चित्र मेंदू जुळवून घेतो. कुठे उडायचं, हे मनातला प्रश्न ठरवतो. आल्फ्रेड यार्बुस या रशियन शास्त्रज्ञाने हे फार सुंदर दाखवलं. इल्या रेपिनच्या एका चित्रात बऱ्याच काळाने एक माणूस अवचित घरी परततो आहे. यार्बुसने प्रेक्षकाला तेच चित्र पुन्हापुन्हा दाखवलं आणि दर खेपेला प्रश्न बदलला: या घरची सांपत्तिक स्थिती कशी आहे? माणसांची वयं काय असतील? चित्र तेच, पण नजरेच्या प्रवासाचा नकाशा दर वेळी वेगळा उमटला.

पहिल्या खेपेला माझा प्रश्न एकच होता: पुढे काय होणार? त्या प्रश्नाला बटाटे म्हणजे अडथळा. आईचा प्रश्न वेगळा होता: ही बाई काम कसं करते? एरवीचा सिनेमा आपल्या वतीने बोट दाखवतो. झाकण महत्त्वाचं असेल तर झाकणाचा क्लोजअप येतो, वर व्हायोलिनही वाजतं. आकेरमानने बोट खिशात ठेवलं. पाहायचं काम प्रेक्षकावर सोपवलं. अवघड सिनेमा अवघड वाटतो तो पुष्कळदा एवढ्यासाठीच.

आता कात्री. तिसऱ्या दिवशी कॅनडातल्या बहिणीचं पार्सल येतं. ते उघडायला जान कात्री शोधून झोपायच्या खोलीत आणते. बेल वाजते. कात्री तिथेच राहते. दिग्दर्शक हिचकॉक म्हणायचा, टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोटाचा धक्का काही सेकंदांचा. ठाऊक असेल, तर टेबलावरच्या साध्या गप्पांचंही दडपण येतं. दुसऱ्यांदा पाहणं म्हणजे तो बॉम्ब टेबलाखाली ठेवणं. एकही चौकट बदललेली नाही, पण घरकामाचा संथ सिनेमा श्वास रोखायला लावणारा थरारपट झाला. कथा ठाऊक असूनही माणसं कीर्तनाला का बसतात, तेही मला या कात्रीपाशीच नीट उमगलं.

आपल्याकडे असाच अनुभव मणी कौलच्या ‘उसकी रोटी’ने दिला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या कौलने मोहन राकेश यांच्या कथेवर १९६९ साली तो केला. बालो भाकरीची पुरचुंडी घेऊन बस ड्रायव्हर नवऱ्याची वाट पाहत उभी आहे, बस. पहिल्यांदा मीही तिच्याबरोबर बसची वाट पाहिली आणि कंटाळले. नंतर कळलं, कौल दोन भिंगांचा खेळ खेळतो. २८ मिलिमीटरचं भिंग घडणाऱ्या गोष्टींसाठी आणि १३५ मिलिमीटरचं मनातल्यासाठी. हळूहळू ती वाटणीही मोडत जाते. दुसऱ्या खेपेला बसचा विसर पडला.

याचा अर्थ प्रत्येक कंटाळवाण्या सिनेमात खजिना पुरलेला असतो असं नाही. काही सिनेमे दुसऱ्यांदाही तेवढेच रिकामे निघतात. फरक ओळखायची माझी एक साधी खूण आहे: आठवड्यानंतरही एखादी वस्तू डोक्यात अडकून राहिली असेल, तर परत जायचं. माझ्या डोक्यात ते पातेलं राहिलं होतं.

आकेरमानची आई नातालिया ऑश्विट्झच्या छळछावणीतून जिवंत परतली होती. जानचं अंथरूण घालणं, खिमा मळणं, झाकण लावणं हे आकेरमानने लहानपणी आई आणि मावश्यांच्या हातांत पाहिलेलं होतं. शिस्तीत आवरलेलं घर म्हणजे काय थोपवून धरलेलं असू शकतं, हे तिने त्या हातांत वाचलं असावं.

खुनानंतर जान अंधारात जेवणाच्या टेबलाशी बसून राहते. बाहेरच्या निऑनचा निळा उजेड भिंतीवर लुकलुकतो. जवळजवळ सात मिनिटं, बाकी काही नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा ही सात मिनिटं मी खुर्चीखाली चप्पल शोधत होते. त्या दिवशी घरी लॅपटॉपचा पडदा काळा झाला तरी मी उठले नाही. आईच्या मांडीवरच्या ताटात पावटे अर्धवट सोललेले होते. तिचे हात कधी थांबले, ते माझ्या लक्षातच आलं नाही.