नर कुत्र्याचे खच्चीकरण केव्हा करावे?



सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून एका श्रोत्यांनी विचारले आहे : घरी लहान पामेरियन नर आहे, मळ्यावर राखणीसाठी कारवान जातीचा नर आणला आहे, दोघेही सात महिन्यांचे. दोघांचे खच्चीकरण एकाच दिवशी उरकावे का? उत्तर असे की, घरच्याचे आता करायला हरकत नाही, मळ्यावरच्याचे थांबवावे.

खिलार पाळणाऱ्याला यातले मर्म लगेच कळेल. खोंड कोवळा असताना बडवला तर मान आणि वशिंड भरत नाही, म्हणून आपण थांबतो. कुत्र्यात प्रश्न हाडांचा आहे. वृषणातील स्रावामुळे हाडांच्या टोकांची वाढ वेळेवर थांबते. तो स्राव लवकर बंद पडला तर पायाची हाडे जरा जास्त लांबतात, सांधे बिघडण्याचा धोका वाढतो. लहान जातीची वाढ नऊ-दहा महिन्यांत संपत येते, मोठ्या जातीला वर्ष ते दीड वर्ष लागते. अमेरिकेत डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०२० साली ३५ जातींची पाहणी प्रसिद्ध केली. वर्षाच्या आत खच्ची केलेल्या पुष्कळ मोठ्या जातींत सांध्यांचे विकार जास्त आढळले, लहान जातींत तसे दिसले नाही.

पण थांबायचे म्हणजे मोकाट सोडायचे नव्हे. भाद्रपद आला की नर माजावरच्या कुत्रीमागे दोन-दोन दिवस गायब होतो. पुणे-हैदराबाद रस्त्यालगत वस्ती असेल तर गाडीखाली सापडायचा. शिवाय संगातून गाठीचा कर्करोग लागतो : इंद्रियावर फुलकोबीसारखी गाठ येते, रक्त ठिबकते. वेळेवर इंजेक्शने दिली तर तो बहुधा बरा होतो. कुत्रा बांधून ठेवणे जमत नसेल, तर वर्ष भरताच शस्त्रक्रिया करून घ्यावी, दीड वर्षाची वाट पाहू नये.

एक तपासणी मात्र आताच करावी. दोन महिन्यांपर्यंत दोन्ही वृषणे खाली पिशवीत उतरतात. सहा महिने झाले तरी एकच हाताला लागत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. पोटात राहिलेल्या वृषणात पुढे गाठ होण्याची भीती असते. ते काढावेच लागते, आणि असा नर पैदाशीला वापरू नये.

खच्ची कुत्रा राखण सोडतो म्हणतात, ते काही खरे नाही. भटकणे कमी होते, परक्यावर भुंकणे राहते. भीतीपोटी चावणारा मात्र याने सुधारत नाही. अंग सुटते, म्हणून भाकरी थोडी कमी घालावी.

घरी चिमटा, दोरी असले उद्योग बिलकुल करू नयेत. जनावरांच्या दवाखान्यात भूल देऊनच करावे. आदल्या रात्रीपासून किती वेळ उपाशी ठेवायचे ते डॉक्टरांना विचारावे. पुढे दहा-बारा दिवस जखम चाटू देऊ नये, चिखलात जाऊ देऊ नये. महिनाभर कुत्रीपासून लांब ठेवावा, तेवढ्या काळात गर्भ राहू शकतो बरं का!

खच्ची केल्याने पिसाळण्याचा रोग टळत नाही. त्याची लस तिसऱ्या महिन्यात आणि नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा टोचावी. श्रोत्यांच्या पिल्लांची राहिली असेल तर शस्त्रक्रियेचे नंतर बघू, लस या आठवड्यातच टोचून घ्यावी.